घट्ट हिरवा

जुना आहे मी, मित्रांनो, आणि मिक्सर आहे. घरात माझी ओळख याच क्रमाने करून देतात. "तो जुना काढ ना," असं कोणी म्हटलं की मी समजतो, माझं काम निघालं.

गोष्ट सुरू करण्याआधी माझ्या दोन अडचणी सांगून टाकतो. पहिली अशी की, मला सलग चालता येत नाही. थोडं चाललो की मोटर तापते, जळका वास सुटतो आणि थांबावं लागतं. त्यामुळे माझी गोष्टही थांबत थांबतच येईल. दुसरी अडचण जरा मोठी आहे. मी चालू असताना माझ्याच आवाजापुढे मला दुसरं काही ऐकू येत नाही. आणि स्वयंपाकघरात माणसं मोलाचं बोलतात, ती नेमकी माझं बटण फिरवल्यावर. तेव्हा मधेच एखादं वाक्य तुटलं, तर समजून घ्या. तिथे मी चालू होतो.

माझ्या बटणावर शून्य, एक, दोन, तीन असे आकडे आहेत. उलट्या बाजूला फिरवलं, तर धरून ठेवाल तेवढाच वेळ मी चालतो; बोट सोडलं की गप्प. मला दुसरी मोजणी येत नाही. त्याच बटणाने सांगतो.

एक

एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली माझा जन्म झाला. तिथे बायका रांगेने बसून केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळत. माझी तार गुंडाळणारी बाई हाताने तार आणि तोंडाने सुनेची गाऱ्हाणी गुंडाळत असे. माझ्या पोटात दोन्ही आहेत. पुढे कोणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं की माझी मोटर जरा जास्तच घरघरते, ती बहुधा त्यामुळेच.

तिथून मी एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. त्या दुकानाला रंग द्यायला दोन माणसं आली. एक रंगारी आणि दुसरा त्याचा जोडीदार. जोडीदार इतका उंच आणि इतका सडपातळ होता की सगळे त्याला शिडी म्हणत. छताला रंग द्यायला त्याला दुसरी शिडी लागत नसे. काम संपल्यावर दुकानदाराने मजुरी विचारली, तेव्हा रंगाऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

"मला तो द्या. बायकोचे हात दुखतात खलबत्त्याने."

घरी त्याने मला ओट्यावर ठेवलं. त्याच्या बायकोने मला चहूबाजूंनी पाहिलं. "हे काय? रंग ढवळायला आणलंत की काय?"

"तुझ्यासाठी आणलाय."

"मग आधी हात धुवा. नव्याकोऱ्या वस्तूला चुना फासून ठेवलात!"

त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. तिला घरात छोटी म्हणत, आणि ती आईच्या डोक्यावरून पाहण्याइतकी उंच झाली तरी छोटीच म्हणत राहिले. छोटीला पालक बघूनच उलटी यायची. पान शिजवलं तरी ओळखायची, चिरलं तरी ओळखायची. शेवटी तिच्या वडिलांनी मला पुढे केलं. मूठभर कोवळी पानं, एक पिकलेलं केळं, वाटीभर दही, एवढंच माझ्यात टाकलं आणि बटण फिरवलं. झाकण उघडून त्याने आत असं पाहिलं, जसं तो रंगाच्या डब्यात पाहतो.

"फिकट हिरवा. हा शाळेच्या भिंतीचा. पितेस का शाळेची भिंत?"

छोटी हसली आणि प्यायली. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याची भिंत मागितली. त्यासाठी केळ्याऐवजी सफरचंद आणि थोडा लिंबाचा रस घातला. मग बागेचं फाटक, मग बसथांब्याचं बाकडं. फाटकासाठी पालक जास्त लागायचा. तोंडावर हिरव्या मिशा घेऊन ती घरभर फिरायची आणि आई म्हणायची, "बापाने पोरीलाही रंगवून ठेवलं."

मित्रांनो, मला त्या दिवसांत फार मान होता.

दोन

सूप कसं करायचं ते सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर इतक्या वेळा झालंय की चुकणार नाही.

पालक मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवायचा, हलवायचा, आणि पानं वर उचलून घ्यायची. पातेलं ओतायचं नाही. माती खाली बसलेली असते, ओतलं तर ती पुन्हा पानांवरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करायचं. मग उकळत्या पाण्यात पानं टाकायची, झाकण न ठेवता. पानं मऊ पडली की लगेच गार पाण्यात. झाकण ठेवलं की हिरवा काळवंडतो. कांदा आणि लसूण थोड्या लोण्यावर परतायचे, पालकाबरोबर माझ्यात फिरवायचे, मग दूध घालून मंद आचेवर एक कढ. मीठ, मिरपूड. सोबत भाजलेला पाव.

एवढंच. आणि गरम गरम माझ्यात ओतून झाकण घट्ट लावू नका. एकदा रंगाऱ्याच्या बायकोने घाईत तसं केलं. वाफेने झाकण उडालं आणि सूप छताला लागलं. रंगारी आत आला, वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "एक हात झाला. दुसरा कधी देतेस?"

या घराची एक रीत होती, ती आताच सांगतो, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडलं. पालक उकडलेलं पाणी बायको कधीही फेकत नसे. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की सगळं सत्त्व त्या पाण्यातच उतरतं. ते हिरवट पाणी ती कपात गाळून घ्यायची आणि मोरीपाशी उभ्या उभ्या पिऊन टाकायची. घरात कोणाला ताप आला, कोणाला चक्कर आली, की तो कप त्या माणसाकडे जायचा. स्वतःच्या तोंडचं औषध दुसऱ्याला द्यावं, तसा ती तो कप द्यायची. छोटी आजारपणातून उठली ती त्याच पाण्याने, असं ती मनापासून मानत होती.

शून्य

पुढे मी बराच काळ शून्यावर राहिलो. छोटी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली आणि तिने घरी एक नवा, छोटासा, गुळगुळीत मिक्सर आणला. त्याच्या बाटलीतच वाटायचं आणि त्याच बाटलीतून प्यायचं. माझी वायर गुंडाळून मला पिठाच्या डब्यामागे सरकवलं. माझ्या बटणावर धुळीचा आणि तेलाचा चिकट थर चढला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शून्यावर असलं की मात्र सगळं ऐकू येतं. म्हणून ती सकाळही मी पूर्ण ऐकली.

आधी कप पडल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "हात भाजला ना? बघू." मग तिचा आवाज बदलला.

"अहो, असं काय बोलताय? नीट बोला ना. अहो... इकडे बघा. छोटी! छोटी, बाबांचं तोंड बघ कसं झालंय!"

अर्धांगाचा झटका होता. रंगाऱ्याचा उजवा हात गेला, अर्धा चेहरा उतरला, शब्द जड झाले. महिनाभराने तो घरी आला तेव्हा सोबत एक सूचना आली. त्याला गिळता येत नव्हतं नीट. दवाखान्यातून निक्षून सांगितलं होतं की पाण्यासारखं पातळ काहीही द्यायचं नाही. जे द्यायचं ते एकजीव वाटलेलं आणि घट्ट. पाणीसुद्धा द्यायचं तर एक पूड मिसळून, दाट करून.

नव्या मिक्सरने पहिल्या दिवशी पालक वाटला. त्यात देठाचे धागे राहिले. रंगाऱ्याच्या घशात एक धागा अडकला आणि तो इतका खोकला की छोटीच्या हातातली वाटी खाली पडली. तेव्हा पिठाच्या डब्यामागे हात गेला.

"तो जुना काढ ना," बायको म्हणाली.

उलटीकडे

मला घासलं, पुसलं. पात्याखाली जुनी हळद सापडली.

आता माझ्यात जे जायचं, ते सगळं मऊ शिजवलेलं असायचं. पालक, गाजर, भात. देठ आधीच काढून टाकायचे. वाटून झालं की गाळणीतून दाबून काढायचं, म्हणजे एकही धागा राहत नाही. वाटीत हिरवा गोळा पडायचा. बायको चमचा रंगाऱ्याच्या तोंडाशी न्यायची.

पहिल्या दिवशी त्याने वाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या बाजूने, एकेक शब्द ओढत तो म्हणाला, "भिंतीला... लाव."

बायको हसली. छोटीही हसली. त्याला हसवायचं नव्हतं, हे दोघींच्या उशिरा लक्षात आलं.

तो दोन-तीन चमचे घ्यायचा आणि तोंड मिटायचा. गळ्याखालची हाडं दिसू लागली. ज्या माणसाने पोती उचलली, भिंतीच्या भिंती खरवडल्या, त्याच्या मनगटावरून घड्याळ खाली घसरायला लागलं. बायकोला ते बघवेना. आणि तिच्याकडे एक औषध होतं, जे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी बघत होतो. माझ्यात ते पाणी कधी पडलं नाही, पण माझ्याच शेजारी ती ते कपात गाळायची. छोटी कामावर गेली की कप घेऊन बाहेरच्या खोलीत जायची; ओट्यावरून मला ती खोली दिसते. तिला दवाखान्याची सूचना आठवत नव्हती असं नाही. पण तिच्या मते सूचना पाण्याबद्दल होती, आणि हे पाणी नव्हतं. हे सत्त्व होतं. शिवाय घशाखाली उतरायला ते किती सोपं! जाड, चिकट घास खायला घालण्यापेक्षा चमचाभर पातळ उतरवणं तिला मायेचं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. मला तर वाटलंच.

रंगारी ते घ्यायचा. तोंड मिटत नसे. थोडा खोकायचा, आणि ती पाठीवरून हात फिरवायची.

मग ताप आला. श्वासात घरघर आली, माझ्या मोटरसारखी. पुन्हा दवाखाना.

छोटी कपडे न्यायला घरी आली, तेव्हा ओट्यावर कप तसाच होता. आई मागून आली. छोटीने कपाचा वास घेतला.

"आई, ह्यात काय होतं?"

"पालकाचं."

"पालकाचं काय?"

"सत्त्व असतं गं त्यात. रोज थोडंथोडं देत होते. अंगात काही जाईल म्हणून."

"आई, पातळ द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना! छातीत गेलंय त्यांच्या! डॉक्टर विचारत होते काय पाजलं, आणि मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्या घरी असं कोणी करणार नाही!"

आईने छोटीच्या हातातून कप घेतला, घासला, पुसला आणि जागेवर ठेवला. मग पुन्हा काढून घासला.

उलटीकडे

रंगारी वाचला. पण घरी येताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगून पाठवलं. पुढच्या तपासणीपर्यंत छाती साफ राहिली आणि वजन आणखी उतरलं नाही, तर तोंडाने खाऊ दे. नाहीतर पोटाला लहानसं भोक पाडून नळी बसवायची आणि सगळं अन्न तिच्यातून. मग घास नाही, चव नाही, जेवायला बसणं नाही.

"पुष्कळ लोक जगतात नळीवर, बाबा," छोटी म्हणाली. "जीव वाचतो."

रंगाऱ्याने डावा हात पोटावर ठेवला. "नळी... नको."

"मग खा ना हो!" बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला.

आठवड्यातून एकदा एक बाई घरी येऊ लागल्या. त्या गिळायला शिकवत. असंही एक शिक्षण असतं, हे घरात कोणाला माहीत नव्हतं. म्हणून त्यांचं नाव पडलं गिळणंवाल्या बाई. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, घशात एक दार असतं. घास आला की ते श्वासाची वाट बंद करतं. तुमचं दार आता उशिरा लागतं. पातळ पदार्थ पळत येतो, दार लागायच्या आधीच आत शिरतो. घट्ट घास सावकाश येतो. दाराला वेळ मिळतो. कळलं?"

दारात उभ्या असलेल्या बायकोला कळलं.

बाईंनी शिकवलं ते असं. ताठ बसायचं. अर्धा चमचा घास. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, मग तोंडात काही नसलं तरी पुन्हा एकदा गिळायचं. मग "आ" म्हणायचं. आवाज ओला, बुडबुड्यांसारखा आला, तर घशात काही राहिलंय. कोरडा आला, तर पुढचा घास. "आणि हे तुमच्या काकांपुरतं," त्या बायकोला म्हणाल्या. "प्रत्येकाचा घसा वेगळा. शेजारणीने विचारलं म्हणून हेच सांगू नका."

त्या गेल्यावर बायको स्वयंपाकघरात आली. पालक उकडला, पानं काढून घेतली. पातेल्यात ते पाणी उरलं. ती बराच वेळ पातेल्याचे कान धरून उभी होती. मग तिने ते मोरीत ओतलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिला ते ओतताना पाहिलं. तिने नळ सोडला नाही. हिरवं पाणी आपल्या पायाने निघून जाईपर्यंत ती बघत राहिली.

तरीही रंगारी खाईना. मायलेकींची रोज जुंपायची, माझ्या आवाजाआड.

"तू त्यांना तान्ह्या बाळासारखं भरवतेस, आई, म्हणूनच ते—"

मी चालू झालो.

"—तर मग तू बस ना समोर! एक दिवस बसून बघ!"

मधलं मला माहीत नाही. बटण सोडल्यावर दोघीही रडत होत्या, एवढं दिसलं.

अशा एका दुपारी शिडी आला. दारात नेहमीप्रमाणे वाकला. रंगाऱ्याला असं बघून त्याचे हात नुसतेच लोंबत राहिले. मग तो त्याच्याजवळ बसला आणि समोरच्या वाटीकडे बघू लागला. वाटीतला पालक तासभर तसाच पडून होता. शिडीने चमचा भरला आणि सवयीने आडवा केला. हिरवं भराभर ओघळलं.

"गुरू, हा काय माल आहे? असा रंग मी कालवला असता, तर तू डबा माझ्या डोक्यावर ओतला असतास."

बायको चिडली. "अहो भावजी, जेवण आहे ते!"

पण रंगाऱ्याने मान उचलली होती. डाव्या हाताने त्याने चमचा मागितला. वाटी पुढे ओढली. कडेला हिरवट पाण्याचं एक कडं जमलं होतं. त्यावर त्याने बोट टेकवलं.

"पाणी... सोडलं."

खरंच होतं. पालक वाटून ठेवला की पाणी सोडतो. वाटीच्या मधोमध घट्ट आणि कडेला तेच पातळ, जे त्याच्यासाठी घातक होतं. दोघींपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"बांधायला पाहिजे," शिडी म्हणाला. "वहिनी, ह्याला बांधायला काय घालता येईल? आमच्यात तर सरस घालतात."

"सरस नको," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले आणि विचार केला. "बटाटा घालते."

मित्रांनो, इथे माझ्याकडून एक सूचना. बटाटा माझ्यात घालू नका. माझी पाती त्याचा डिंक करतात आणि तो टाळूला चिकटून बसतो. बायकोने उकडलेला बटाटा गाळणीतून दाबून काढला आणि लोण्याच्या एका चमच्याबरोबर वाटलेल्या पालकात हाताने फेटला. मग वाटी रंगाऱ्यापुढे धरली. त्याने चमचा भरला. आडवा केला. घास चमच्यावर बसून राहिला. त्याने चमचा आणखी कलता केला, तेव्हा घास सगळाच्या सगळा, एकसंध, सावकाश खाली उतरला. चमच्यावर डाग राहिला नाही.

रंगारी त्या घासाकडे बघत राहिला.

"घट्ट... हिरवा," तो म्हणाला.

आणि त्याने तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची ओट्याजवळ आली. तो स्वतःच्या डाव्या हाताने माझं बटण उलटीकडे फिरवायचा, धरायचा, सोडायचा, आत बघायचा. पुन्हा धरायचा. त्याचा हात थरथरायचा आणि माझी घरघरही तशीच तुटक व्हायची. तो नापसंतीने मान हलवायचा, बायकोकडे वाटी परत सरकवायचा. "दुसरा... हात."

"एवढे हात तर दुकानदारांनीही द्यायला लावले नसतील तुम्हाला," ती म्हणायची, आणि पुन्हा फेटायची. गिळणंवाल्या बाईंनी ते पाहिलं तेव्हा त्यांनी त्याच्या हातातला चमचा घेतला, आडवा करून बघितला आणि परत दिला. "बरोबर आहे, काका. असाच ठेवा."

त्याच आठवड्यात बायकोने आणखी एक गोष्ट केली. तिने दुसरी वाटी काढली आणि तेच हिरवं, तेवढंच घट्ट, स्वतःला वाढून घेतलं.

रंगाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. "तू... का?"

"मलाही हेच."

"दात... आहेत तुला."

"आहेत की. वाजवून दाखवू?" तिने खरंच दात वाजवले. मग चमचा तोंडात घातला, हनुवटी छातीकडे नेली, गिळलं, पुन्हा गिळलं आणि मान वर करून म्हणाली, "आ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने असेल, किंवा काय ते मला ठाऊक नाही. मग त्याने आपला घास घेतला.

"आ," तो म्हणाला.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "घ्या पुढचा."

त्या दिवशी वाटी रिकामी झाली.

तीन

त्यानंतर मी असा चाललो की विचारू नका. मऊ भात आणि पालक. शिजवलेली मसूर आणि पालक, वरून लोणी. अंडं दुधात फेटून मंद आचेवर मऊ शिजवायचं आणि पालकाबरोबर वाटायचं. आणि ते जुनं पेय, पालक, केळं आणि दही. फक्त दही आता कपड्यात टांगून घट्ट केलेलं, आणि पेय प्यायचं नाही तर चमच्याने खायचं. छोटी कामावरून आली की ओट्याजवळ यायची आणि विचारायची, "बाबा, आज कुठली भिंत?" उत्तर यायला वेळ लागायचा. ती थांबायची.

माझी मोटर तापायची. जळका वास यायचा. बायको मला थांबवून, पिन काढून, पिळलेला ओला कपडा गुंडाळायची, जसा तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात. मी जुना होतो आणि मला माझी भीती वाटायची. मी बंद पडलो तर नवा आणतील, ते ठीकच. पण रंगाऱ्याचा डावा हात माझ्या बटणाला सरावला होता.

तपासणीच्या सकाळी कोणी माझं बटण फिरवलं नाही. तिघंही बाहेर पडली. मी शून्यावर वाट बघत राहिलो.

ती परतली तेव्हा चपलांच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. छोटी पाणी प्यायली. बायकोने पदराने तोंड पुसलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

छाती साफ होती. वजन वाढलं नव्हतं. पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. गिळणंवाल्या बाईंनी सांगितलं होतं की आता काट्याने कुस्करलेलं देऊन बघू. मऊ, ओलसर, पण पान तोंडाला लागेल असं.

म्हणजे माझ्याशिवाय.

शून्य

बायकोने पालक धुतला. देठ खुडले. पानं अगदी बारीक चिरली. तांदळाबरोबर भरपूर पाण्यात मंद आचेवर इतकी शिजवली की दाणा आणि पान एकमेकांत मिसळून गेले. मग काट्याने कुस्करलं, लोणी घातलं. चमचा कलता करून बघितला आणि वाटी रंगाऱ्यासमोर धरली. त्यानेही बघितलं. मान हलवली, होय म्हणून.

बाई समोर बसल्या होत्या. छोटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

त्याने घास घेतला. आणि मित्रांनो, तो चावू लागला. आवाज फार लहान होता, डाव्या बाजूने, सावकाश. हनुवटी खाली. एकदा गिळलं. दुसऱ्यांदा गिळलं.

"म्हणा, आ," बाई म्हणाल्या.

"आ."

ओला होता. मी ऐकला. सगळ्यांनीच ऐकला. छोटी पुढे झाली. बाईंनी हाताने तिला थांबवलं.

"घाबरू नका, काका. खोका. जोरात. आता नुसतंच गिळा. पुन्हा म्हणा."

तो खोकला. गिळलं. त्याच्या गळ्यावरची शीर वर आली आणि खाली गेली. बायकोने स्वतःची वाटी मांडीवर घट्ट धरली होती.

"आ."

कोरडा. स्वच्छ. भिंतीवर हात फिरवावा आणि कुठे खडबडीत लागू नये, तसा.

"पान," रंगारी म्हणाला. मग थांबला, जिभेने शोधलं. "पान... लागलं."

बायकोने घास घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. तिला तो गिळता येत नव्हता.

रंगारी आता भिंत रंगवत नाही, रंगवणारही नाही. त्याचं पाणी अजून दाट करूनच द्यावं लागतं. शब्द अजून अडखळतात. घरात सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण दुपारी तो टेबलाशी बसतो आणि जेवतो, तोंडाने. मला धुऊन, कोरडा करून, कपड्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलंय. या वेळी मला वाईट वाटलं नाही. मी वर आहे, म्हणजे खाली ठीक चाललंय.

माझ्यासारखे जुने मिक्सर तुमच्याही घरी असतील. त्यांची पाती नीट धुवा, रबर वाळू द्या, वायर पिळू नका. त्यांना उतरवायची वेळ तुमच्यावर येऊ नये, असंच मला वाटतं. पण कधी घरातल्या कोणाचं चावणं-गिळणं हरवलं आणि आमच्यापैकी एखाद्याला खाली काढावं लागलं, तर घाई करू नका. प्रेमापोटीही नाही. जाणकाराला विचारा, चमचा आडवा करून बघा. आणि बटण फिरवायच्या आधी, मित्रांनो, दोन वाट्या काढून ठेवा.